ताई, तुमचा आवाज अजून वर्गात आहे

आदरणीय ताई,

बदलीचा आदेश आला त्या आठवड्यात तुमचा निरोप घ्यायला आलो होतो, पण नीट बोलताच आलं नाही. तुम्ही चहा ठेवलात, पोरं भोवती जमली आणि सांगायचं ते राहून गेलं. म्हणून हे पत्र. सगळ्यांसमोर लिहितोय, कारण तुम्ही केलेल्या कामाची नोंद शाळेच्या कुठल्याच रजिस्टरमध्ये नाही.

मी सांगलीकडचा. मेळघाटात रुजू झालो तेव्हा पहिलीच्या पोरांना मराठी येत नसेल हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. महाराष्ट्रातलं गाव, मराठी शाळा, मग मराठी येणारच! ही पोरं घरी बोलतात ती कोरकू ही मराठीची बोली नव्हे, तिचं नातं पार झारखंड-ओडिशाकडच्या संथाली-मुंडारी भाषांशी आहे, हे कळायला मला वर्ष गेलं. २०११ च्या जनगणनेत सव्वासात लाखांहून जास्त लोकांनी ही आपली मातृभाषा म्हणून सांगितली आहे. मला तिचा एक शब्द येत नव्हता.

पहिल्या वर्षी मी सगळी भिस्त टॅबवर ठेवली. बडबडगीतांचे व्हिडिओ लावायचे, पोरं हातवारे करून तालात म्हणायची. मी खूश होतो. एकदा गाण्यातला ढग कुठे असतो म्हणून विचारलं, तर सगळा वर्ग गप्प. सगळं पाठ होतं, कळलेलं काहीच नव्हतं.

आणि मग ते गणित. मी फळ्यावर लिहिलं, ‘सीताकडे पाच आंबे आहेत’ आणि मोठ्याने वाचलं. वर्गात हशा पिकला. मी चिडलो, पुढे बसलेल्या मुलीला उभं केलं. शेजारच्या खोलीत तुमची अंगणवाडी. आवाज ऐकून तुम्ही दारात आलात आणि हळूच म्हणालात, “सर, आमच्या बोलीत सिता म्हणजे कुत्रा.” त्या मुलीला मी लगेच खाली बसवलं, पण ती मान खाली घालून उभी होती ते आजही आठवतं.

त्याच संध्याकाळी तुम्ही म्हणालात, “मी बोलते, तुम्ही फोनमध्ये भरून घ्या.” तुमच्या घरामागच्या पडवीत आपण पहिली गोष्ट रेकॉर्ड केली. आधी पूर्ण गोष्ट तुमच्या कोरकूत. मग एक वाक्य तुमचं, तेच मराठीत माझं. शेवटी नुसती मराठी, आणि प्रत्येक वाक्यानंतर पोरांना म्हणता येईल एवढी मोकळी जागा. गावात रेंज नाही, म्हणून फायली मेमरी कार्डात टाकल्या आणि कार्ड लहान स्पीकरला लावलं. दुसऱ्या दिवशी वर्गात तुमचा आवाज सुरू झाला नि पोरं एकमेकांकडे बघायला लागली. मध्येच तुमचा कोंबडा आरवला. “ताईचा कोंबडा!” असं दोघं-तिघं एकदम ओरडले. ते वाक्य मराठीत होतं, ताई. कुणी म्हणायला लावलं नव्हतं.

तुम्ही नसतात तर पोरांच्या चुकांना मी चुकाच म्हणत राहिलो असतो. ‘आई आला’, ‘गाय आला’ यांवर मी वहीभर लाल खुणा करायचो. कोरकूत बाई आली काय नि बाप्या आला काय, क्रियापद बदलत नाही, हे तुम्ही सांगितलंत. मग आपण नुसत्या येण्याजाण्याचीच एक फाईल केली: बाबा आला, आई आली, पाखरू आलं. उलट तुमच्या भाषेत दोघांसाठी वेगळं रूप आहे. एक कुत्रा सिता, पुष्कळ कुत्रे सिताकू, आणि दोनच असतील तर तिसरं रूप. मराठीत ही सोय नाही म्हणून पोरं दोघांबद्दल बोलताना अडखळायची. शिकवणाऱ्याला हे माहीत असलं की राग येत नाही, पुढचा धडा सुचतो.

माझ्याकडूनही तुम्ही शब्द घोटून घेतलेत. काही शब्दांच्या शेवटी आवाज गळ्यात अडवायचा असतो, तो मला ऐकूच यायचा नाही. रेकॉर्डिंगचा वेग निम्मा करून रात्री ऐकत बसायचो. सकाळी तुम्ही परीक्षा घ्यायचात.

रेंज मिळणाऱ्या टेकडीवर मोठ्या पोरांना बोलून टाइप करायला नेलं होतं, तेव्हा तुम्हीही होतात. पोरगं ‘पाऊस आला’ म्हणालं आणि पडद्यावर अक्षरं उमटली. अक्षरं चुकीची आली की ते स्वतःच पुन्हा स्पष्ट म्हणायचं, मला काही सांगावं लागायचं नाही. मग एकाने कोरकूत बोलून पाहिलं. फोनने काहीतरी अर्थ नसलेलं मराठी लिहिलं. “सर, याला आपली बोली येत नाही का?” असं त्याने विचारलं. ते ‘आपली’ ऐकून मला भरून आलं. पण हेही खरं, की फोनला मराठी येते आणि कोरकू येत नाही, तोवर तुमच्यासारख्यांच्या आवाजावाचून कुठल्याही यंत्राचा त्या पोरांना अर्धाच उपयोग आहे. हे मी आता प्रत्येक प्रशिक्षणात उठून सांगतो.

अंगणवाडीचं काम उरकून, घरचा स्वयंपाक बाजूला ठेवून तुम्ही हे केलंत. एक रुपया घेतला नाहीत. बदल्यात मागितलंत ते एवढंच, की बँकेत नि तहसीलला लागणारं मराठी मी तुमच्या फोनमध्ये भरून द्यावं. तुमचं बाजारातलं हिंदी मिसळलेलं मराठी तिथे हसण्यावारी नेतात, असं तुम्ही म्हणाला होतात. ‘मला हा अर्ज भरायचा आहे, कोणती कागदपत्रं लागतील?’ हे वाक्य तुम्ही पडवीत वीसेक वेळा म्हणालात. पुढच्या आठवड्यात एकट्या धारणीला जाऊन आलात.

आपल्या त्रेचाळीस फायली नव्या सरांना दिल्या आहेत. तुम्ही हो म्हणालात म्हणूनच दिल्या. जुन्या फायलींतला खरखराट काढून त्या स्वच्छ करू का, असं त्यांनी विचारलं. खुशाल करा म्हटलं, फक्त पहिल्या फाईलला हात लावू नका, तिच्यात कोंबडा आहे.

तुमचा,
शाळेतला सर