बापू, टाकीला ऑटो लावू नकोस

प्रिय बापू,

परवा फोन ठेवल्यापासून तुझंच डोक्यात आहे. बायोडिझेल करायला कोठा रिकामा केलास, त्यासाठी बसस्टँडवरच्या हॉटेलवाल्यांचं तळणाचं तेल ठरवलंस, आता टाकी वेल्डिंगला द्यायची म्हणतोस. दे, पण त्याआधी हे पत्र शेवटपर्यंत वाच. फोनवर तुला एक गोष्ट सांगायची राहिली. खरं तर ती आजवर घरीही सांगितलेली नाही.

गेल्या मे महिन्यात ४० लिटर तेल ५५ अंशांवर आणलं, ८ लिटर मिथेनॉल सोडलं, पंप चालू केला आणि थोड्याच वेळात लाईट गेली. वाट पाहून घरी जेवायला गेलो. हीटरचं बटण बंद करायचं राहिलं. शेडची वायर मी विहिरीवरच्या पेटीतूनच ओढलेली, आणि त्या पेटीला ऑटो, म्हणजे लाईट आली की मोटर आपोआप सुरू करणारा. रात्री कधीतरी लाईट आली, मोटरीबरोबर हीटरही लागला. पहाटे पाणी बदलायला गेलो तर शेडच्या दाराशीच स्पिरिटसारखा वास आणि वाफेच्या नळीतून शिट्टी. आत अंधार. सवयीनं हात दिव्याच्या बटणाकडं गेला आणि अर्ध्यावर थांबला. ते बटण दाबलं असतं तर हे पत्र लिहायला मी नसतो. तसाच मागं फिरलो, विहिरीवर जाऊन पेटीतले कटआऊट काढले आणि उजाडेपर्यंत लिंबाखाली बसून राहिलो.

मिथेनॉल ६४.७ अंशांना उकळतं. ११-१२ अंशांनाही त्याची वाफ ठिणगीनं पेटते, मग आपला ४२ अंशांचा मे महिना काय विचारतोस! दिवसा त्याची ज्योत नीट दिसतही नाही. पोटात गेलं तर डोळे जातात, जीव जातो. वाफ आणि कातडी, दोन्ही वाटांनी ते अंगात शिरतं. म्हणून उघडा ड्रम आणि ड्रिल मशीननं ढवळणं हा विचार आजच सोड. ड्रिलमधल्या कार्बनच्या ठिणग्या डोळ्यांना दिसतात. टाकी बंद हवी, तळ नरसाळ्यासारखा उतरता, वाफेची नळी शेडबाहेर उंच काढलेली. ढवळायला इंडक्शन मोटरचा साधा एक इंची पंप लाव, त्यात कार्बन नसतो. तेल खालून ओढायचं, वरून सोडायचं. तांब्या-पितळेचे कॉक नकोत, त्यांनी बायोडिझेल खराब होतं. जस्ताचा पाइप नको, ॲल्युमिनियमला कॉस्टिक पोटॅश, म्हणजे मिथेनॉलमध्ये मिसळायचा क्षार, खातं. साधं लोखंड चालतं. पारदर्शक प्लास्टिकची नळी गरम तेलात मऊ पडून निसटते, तीही नको.

आणि सगळ्यात आधी स्टार्टर. हिरवं बटण हातानं दाबल्याशिवाय लागणार नाही असा, बिनऑटोचा. लाईट गेली की तो सुटला पाहिजे आणि आली तरी सुटलेलाच राहिला पाहिजे. हीटरला वेगळा स्टार्टर, थर्मोस्टॅटसकट, आणि दोन्ही शेडच्या बाहेरच्या भिंतीवर. हीटर फक्त तेलासाठी. मिथेनॉल सोडण्याआधी तो बंद. चूल, गॅस यांचं नावही शेडमध्ये नको.

तेल घेताना त्यात पाणी नाही ना ते बघ. कढईत पळीभर तापव. फोडणीसारखं तडतडलं तर पाणी आहे. ते १०० अंशांच्या वर नेऊन आटव आणि निवू दे, नाहीतर टाकीत साबण होईल. मग आंबटपणा मोजायचा. १ मिली तेल १० मिली आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये घ्यायचं आणि त्यात चिमूटभर हळद. १ लिटर डिस्टिल्ड वॉटरमध्ये १ ग्रॅम कॉस्टिक पोटॅश विरघळवून ते पाणी सिरिंजनं थेंब थेंब सोडायचं. चुन्यानं हळदीचं कुंकू होतं ना, तसाच पिवळा रंग लालसर होतो. तो अर्धा मिनिट टिकला की थांब. जितके मिली लागले तितके ग्रॅम लिटरमागं जास्त. ताज्या तेलाला लिटरला साधारण ७ ग्रॅम पोटॅश लागतं. ३ मिली गेले तर १० ग्रॅम, म्हणजे तुझ्या ४० लिटरला ४०० ग्रॅम. हा हिशेब अंदाजानं कधीच करू नकोस. माझा एक अख्खा घाणा असाच साबण होऊन वाया गेला.

पोटॅश मिथेनॉलमध्ये टाकलं की कॅन गरम होतो. थोडं थोडं टाक, उघड्यावर, वाऱ्याकडं पाठ करून. रबरी हातमोजे, गॉगल हवेतच आणि पाण्याची भरलेली बादली जवळ. ॲलर्जी, दमा काही नाही म्हणून तोंडावर नुसता रुमाल बांधू नकोस. रुमालानं ही वाफ अडत नाही.

हे मिश्रण तेलात सोडून पंपानं फिरवलं की रात्रभरात खाली काकवीसारखं ग्लिसरीन बसतं, ते काढून टाकायचं. वरचं बायोडिझेल ३ मिली घेऊन २७ मिली मिथेनॉलमध्ये टाकून बघ. तळाशी तेलाचा थेंब राहिला तर क्रिया अर्धवट आहे. बायोडिझेल पाण्यानं धुण्याचा प्रश्न आपल्याकडं मोठा. २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं, ते आपण विसरलेलो नाही. बायोडिझेलच्या निम्म्याहून कमी पाण्यात, फवाऱ्यानं, दोन-तीनदा धू. ते पाणी नाल्यात किंवा विहिरीजवळ सोडू नकोस, त्यात मिथेनॉल आणि पोटॅश दोन्ही असतं.

हॉटेलचं तेल बहुतेक पामतेल असतं. त्याचं बायोडिझेल डिसेंबरच्या पहाटे गढुळतं, फिल्टर तुंबतो. थंडीत डिझेलमध्ये एक पंचमांशच मिसळ. आपल्या करडईचं तसं होत नाही, पण करडईचं तेल इंजिनात घालायला जीव धजत नाही.

रविवारी मी सकाळच्या एसटीनं येतोय. स्टार्टर मीच घेऊन येतो, माझ्याजवळ एक आहे. तोवर मिथेनॉलचा कॅन घरात आणू नकोस, पोरं खेळतात. वहिनींना सांग, त्या कोठ्याला कुलूप लावून किल्ली स्वतःजवळ ठेवायची.

तुझाच,
नाना