रुसी यांची निवृत्तीनंतरची कामगिरी

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

डाउनहिल, म्हणजे बर्फाळ डोंगरउतारावरून स्कीवर भरधाव खाली येण्याची शर्यत, गाजवणारे स्वित्झर्लंडचे स्कीपटू बर्नहार्ड रुसी यांच्यावरचा आपला लेख १९७८ च्या निवृत्तीपाशीच थांबला, हे खटकले. १९७० चे विश्वविजेतेपद, १९७२ चे साप्पोरो ऑलिम्पिकमधले सुवर्ण, १९७६ ला इन्सब्रुकमध्ये फ्रान्झ क्लामरपुढे अवघ्या ०.३३ सेकंदाने हुकलेले दुसरे सुवर्ण, हे सगळे त्यात आले. पण आंडरमाटचे रुसी मुळात इमारतींचे नकाशे काढणारे ड्राफ्ट्समन. ती नजर त्यांनी पुढे डोंगरावर वापरली. १९९२ साठी व्हाल दिझेरचा बेलवार्द, १९९४ साठी क्विटफ्येल, २००२ साठी स्नोबेसिन, २०२२ साठी येनछिंग हे ऑलिम्पिकचे डाउनहिल मार्ग त्यांनीच आखले.

मार्ग आखणे म्हणजे उतारावर झेंडे रोवणे नव्हे. ऑलिम्पिकमध्ये पुरुषांच्या डाउनहिलला वरून खालपर्यंत किमान ८०० मीटरची उतरण लागते; माथेरानचा माथा सोडून दोन मिनिटांच्या आत समुद्रसपाटीला यावे, तशी. ताशी १३० किलोमीटर वेगात खेळाडू सेकंदाला ३६ मीटर कापतो. म्हणून उंचवट्यावरून उडालेला माणूस उतरतो ती जागा तेवढीच तीव्र उतरती हवी. ती सपाट असली की सगळा धक्का गुडघ्यांवर आणि मणक्यांवर येतो. साप्पोरोत रुसींमागे रौप्य मिळवणारे रोलां कोलोंबँ १९७४ आणि १९७५ मध्ये व्हाल दिझेरच्या एकाच उंचवट्यावर पडले. दुसऱ्या खेपेला मणके मोडले नि कारकीर्दच संपली. अशा ठिकाणी उडीच्या आधी एक वळण घालून वेग उतरवावा लागतो. मात्र वळणे जास्त झाली की डाउनहिलची मजा जाते. बेलवार्दबद्दल खेळाडूंची नेमकी हीच कुरकुर होती, आणि ती अगदीच चुकीची नव्हती.

बर्फाचेही तसेच. मऊ बर्फात पहिल्या काही जणांनी चऱ्या पाडल्या की मागच्याची स्की त्यात अडकून गुडघा पिळवटतो. त्यासाठी भोकांच्या नळ्या बर्फावर टेकवून दाबाने पाणी बर्फाच्या आत सोडतात. ते गोठले की थर खोलवर टणक होतो. नुसते वरून पाणी मारले तर वर काच आणि खाली भुसा. कडेला जाळ्यांच्या एकामागे एक रांगा लागतात, कारण स्कीची पोलादी कड पहिली जाळी फाडू शकते.

रुसींच्या कामावर आक्षेपही आहेत. २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकसाठी त्यांनी आखलेल्या जोंगसनच्या मार्गासाठी गारिवांग डोंगरावरचे जुने जंगल तोडले गेले. त्याचा उल्लेख लेखात हवा होता.

एक विनंती. हिवाळी ऑलिम्पिकचे निकाल छापताना वेळेशेजारी मार्गाची लांबी, उतरण आणि आखणाऱ्याचे नाव द्यावे. इन्सब्रुकचे ०.३३ सेकंद म्हणजे त्या शर्यतीच्या सरासरी वेगाला जेमतेम नऊ मीटर, हे वाचकाला मग आपोआप कळेल.

आपला,
एक वाचक, विलेपार्ले, मुंबई