मशीन लावू नकोस, शिऱ्या

हेक्सम, इंग्लंड,
रविवार, रात्र

प्रिय शिऱ्या,

परवा तुझा फोन आला तेव्हा मी गाडी चालवत होतो, त्यामुळे धड बोलणं झालं नाही. पण ठेवता ठेवता तू म्हणालास ना, "शनिवारी बुंदीला दुकानात नेतोय, मशीन फिरवून आणतो," बुंदीसारख्या बॉर्डर टेरियर कुत्रीच्या केसांवर मशीन, हे काही केल्या डोक्यातून जाईना. म्हणून एवढं लांबलचक लिहायला बसलोय. शनिवारच्या आत वाच आणि ती अपॉइंटमेंट रद्द कर.

मी नेमकं तेच करून बसलो होतो रे. आमचा चिकू, तोही बॉर्डर टेरियरच, तेव्हा नऊ महिन्यांचा होता, सगळ्या अंगावर केसांचं जंगल. दुकानातल्या मुलीनं विचारलं, "क्लिप करू ना?" मशीननं कापणं आणि हातानं उपटणं यातला फरकच मला माहीत नव्हता, मी हो म्हटलं. पाऊण तासात मखमलीसारखं गुळगुळीत पिल्लू हातात आलं. घरात सगळ्यांना आवडलं. पण नंतर जे केस उगवले ते त्याचे वाटेचनात. पाठीवरचा तो काळपट-तपकिरी राठ केस गेला आणि फिकट, कापसासारखं काहीतरी आलं. आधी पावसातून आला की दारात दोनदा अंग झाडायचा आणि जवळजवळ कोरडा व्हायचा. आता कातडीपर्यंत भिजायचा, थरथरत हीटरपाशी बसायचा. रानातली कुसळं केसांत अशी गुंतायची की कात्रीच लागायची. ते अंग पूर्ववत व्हायला दीड वर्ष गेलं, आणि ते दीड वर्ष मला फार लागलं. म्हणून सांगतोय.

कारण समजून घे. बॉर्डर टेरियरच्या अंगावर दोन थर असतात. आत दाट मऊ लोकर, वर तारेसारखा राठ केस. हा वरचा केस काही महिन्यांनी मरतो, पण आपणहून फारसा गळत नाही, तिथंच अडकून राहतो. चिमटीत धरून ओढला की अलगद सुटतो आणि त्या जागी नवा राठ केस येतो. मशीननं तोच केस मधोमध कापला जातो. बूड आतच राहतं, गडद रंग टोकाकडे असतो तो निघून जातो, आणि मऊ लोकर वरचढ होते.

हे नुसतं दिसण्यासाठी नाही. आमच्याकडून गाडीनं तासाभरावर कॉकेट नदीचं खोरं आहे, पलीकडे चेव्हियटचे डोंगर. ही कुत्री तिथल्या मेंढपाळ शेतकऱ्यांची. पाय असे की शिकारीत घोड्यामागं धावावं, अंग असं अरुंद की कोल्ह्याच्या बिळात शिरावं. दिवसभर पाऊस-वारा अंगावर घ्यायचा. कुत्र्यांच्या जातींची नोंद ठेवणाऱ्या इथल्या केनेल क्लबनं या जातीला 1920 मध्ये मान्यता दिली. हे अंग त्याच्या कितीतरी आधीपासून डोंगरात घडत होतं. मला तरी त्यावर मशीन चालवणं आता बघवत नाही.

बुंदी आता पाच-सहा महिन्यांची ना? मग पहिली वेळ आलीच आहे. मानेमागचे चार केस धरून हलकेच ओढून बघ. सहज सुटले तर अंग तयार आहे. अडले, तिनं वळून बघितलं, तर दोन आठवडे थांब. तयार नसलेला केस ओढायचा नाही, एवढं पाळलंस तर तिला दुखणार नाही.

आदल्या दिवशी अंघोळ घालू नकोस, केस निसरडे होतात. टेबलावर रबरी मॅट टाक, म्हणजे पाय सरकणार नाहीत. आधी सगळं अंग विंचरून घे. डाव्या हातानं कातडी ताणून धरायची, उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि बोटात मोजके पाच-सहा केस, आणि केस ज्या दिशेला वाढलाय त्याच दिशेला ओढायचा. मनगट वळवायचं नाही, वळलं की केस तुटतो. पकड येत नसेल तर बोटांना खडूची पूड लाव. बाजारात दातेरी सुरी मिळते, पण पहिल्या वर्षी तिच्या नादी लागू नकोस, हात बसण्याआधी ती केस कापतेच. मानेवरून पाठीवर, मग कुशी, मग मांड्या. रोज वीस मिनिटं, पुरे. मध्येच ती पायजमा घातल्यासारखी दिसेल, दिसू दे.

पोट, मांड्यांची आतली बाजू, शेपटीखालची जागा इथं उपटायचं नाही. कातडी पातळ असते. गोल टोकाची कात्री घे. पंजांच्या गाद्यांमधले केसही कात्रीनंच. डोकं शेवटी कर. या जातीचं तोंड पाणमांजरासारखं दिसायला हवं, म्हणून भुवया आणि मिश्या थोड्या राखायच्या.

माझा हात बसला तो आईमुळे. गेल्या जूनमध्ये ती तीन महिन्यांसाठी इथं आली होती. तुला माहीतच आहे, सांगलीच्या घरात कुत्रं उंबऱ्याच्या आत आलेलं तिला चालायचं नाही. एका दुपारी मी मागच्या पायरीवर चिकूला घेऊन बसलो होतो. ती बराच वेळ दारात उभी राहून बघत होती. मग म्हणाली, "दुखत नाही ना रे त्याला?" मी एक केस काढून दाखवला. ती पदर खोचून शेजारी बसली आणि म्हणाली, "म्हणजे मेथी निवडायची." आणि खरंच तसंच, न बघता, अंगठा नुसता पुढं सरकत गेला. कुठला केस येणार आणि कुठला नाही, हे तिच्या बोटांना आधी कळत होतं. मी दोन वर्षं केसांकडे डोळे फाडून बघत होतो, ती चिकूशी बोलत होती. वीस मिनिटांत तो तिच्या मांडीवर मान टाकून झोपला. त्या दिवसापासून मीही बघणं सोडलं, बोटांवर सोपवलं.

आणखी काही. अंगावरचे जुने केस उतरल्यावर नवा केस नीट यायला दोन-तीन महिने लागतात, तोवर थंडीत कोट घाल आणि कडक उन्हात फार फिरवू नकोस. वर्षातून दोनदा केलं की पुरतं. पुढं नसबंदी केलीस तर लोकर जास्त मऊ आणि दाट येऊ शकते, मग आतली लोकरही फणीनं वरचेवर काढत जा. नखं काळी असतील तर टोकाचा कणभरच काप. माझ्या हातून एकदा रक्त आलं, कॉर्नफ्लॉर दाबून धरल्यावर थांबलं. आणि काढलेले केस पक्ष्यांच्या घरट्यांसाठी म्हणून बागेत टाकू नकोस. पिसवांचं औषध मानेवर घालतो ना आपण, त्याचे अंश घरट्यांत सापडलेत आणि पिल्लांना ते बाधतं. सरळ कचऱ्यात टाक.

ईस्टरला चार दिवस सुट्टी आहे. बुंदीला घेऊन ये. वहिनी आणि मुलंही येऊ देत, वरची खोली मोकळीच आहे. पण तोवर थांबू नकोस. उद्या तिला मांडीवर घे, मानेमागचे चार केस ओढून बघ, आणि ते तळहातावर ठेवून फोटो पाठव. बूड बघून सांगतो तयार आहे का ते.

तुझा,
अव्या