बुकीला अडीच हजार, वॉचमनलाही अडीच हजार

माननीय अर्थमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस,

स. न. वि. वि.

पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात मी बरीच वर्षं पगारपत्रकं केली. फेब्रुवारीचा पगार झाला की एखादा हेल्पर स्लिप घेऊन टेबलाशी यायचाच. "साहेब, दर महिन्याला दोनशे कापता, या वेळी तीनशे कसे?" हा व्यवसाय कर, अकरा महिने २०० आणि फेब्रुवारीत ३००, मिळून वर्षाचे २,५००, असं मी सांगायचो. त्याचं समाधान व्हायचं नाही. खरं तर माझंही नाही.

कारण १९७५ च्या व्यवसाय कर कायद्याची अनुसूची मी वाचली होती. त्यात रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबचा परवाना असलेल्या बुकींची, म्हणजे घोड्यांच्या शर्यतींवर पैजा घेणाऱ्यांची, वेगळी नोंद आहे. कर: वर्षाला २,५०० रुपये. म्हणजे महालक्ष्मीच्या रिंगमध्ये उभा राहून पैजा घेणारा आणि महिना दहा हजारांच्या वर जेमतेम गेलेला वॉचमन, सरकारदरबारी एकाच पंगतीला.

बुकीवर माझा राग नाही. तो परवाना काढून उजळ माथ्याने बसतो. मटक्याचे आकडे घेणाऱ्याकडे व्यवसाय कर मागायला कोण जाणार? अमेरिकेने १९५१ मध्ये तेही करून पाहिलं. धंदा बेकायदा असला तरी पैजा घेणाऱ्याने नाव नोंदवायचं आणि वर्षाला ५० डॉलर भरायचे. कर भरा आणि वर पोलिसांना पत्ताही द्या! १९६८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, स्वतःविरुद्ध पुरावा द्यायला जो नकार देतो त्याला यासाठी शिक्षा करता येणार नाही. आज तिथे कायदेशीर पैजा घेणाऱ्याला ५० डॉलर आणि बाकीच्यांना ५०० आहेत.

आपले अधिकारी राज्यघटनेच्या अनुच्छेद २७६ कडे बोट दाखवतील. व्यवसाय कर अडीच हजारांवर नेता येत नाही, मान्य. ही मर्यादा १९८८ ची, तेव्हा ती २५० वरून एकदम दहापट झाली होती. ती पुन्हा वाढवणं दिल्लीच्या हातात आहे, तिकडे आपण लिहावंच.

पण खालची पायरी मुंबईतच ठरते. २०२३ मध्ये शासनाने महिलांना २५,००० पर्यंतच्या पगारावर हा कर माफ केला. पुरुषांना मात्र दहा हजार ओलांडले की पूर्ण कर. हा कर आला रोजगार हमीसाठी, शहरातल्या कमावत्याने दुष्काळातल्या मजुराला द्यायचा वाटा म्हणून. त्याचा मला अभिमानच आहे. फक्त माझ्या टेबलाशी येणारा हेल्पर बहुतेक वेळा त्याच मजुराचा मुलगा असायचा.

येत्या अर्थसंकल्पात पुरुषांची मर्यादाही २५,००० करावी, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त पगार-कारकून, पुणे

ता. क. अनुसूचीत जॉकीलाही अडीच हजारच आहेत. तो बिचारा निदान घोड्यावरून पडतो तरी.