आबा, डिसेंबरातलं मतदान ते हे

पिट्सबर्ग, पेनसिल्व्हेनिया
१९ डिसेंबर २०२४

ती. आबांस सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर तुम्ही विचारलंत, "निकाल नोव्हेंबरातच लागला, मग आता परत मतदान कसलं?" तेवढ्यात लाईन गेली. तसंही हे फोनवर नीट सांगता आलं नसतं, म्हणून लिहिते.

५ नोव्हेंबरला इथल्या लोकांनी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षपदासाठी ट्रम्प किंवा हॅरिस यांच्या नावापुढे खूण केली. पण कायद्याने ते मत जातं त्या पक्षाने आधीच ठरवून दिलेल्या इलेक्टरांना. जिल्हा बँकेच्या निवडणुकीला सोसायटी ठराव करून एकाचं नाव पाठवते आणि मत तोच टाकतो, तशातलाच हा प्रकार. देशभरात असे ५३८ इलेक्टर. राज्याचे प्रतिनिधिगृहात, म्हणजे संसदेच्या खालच्या सभागृहात जितके खासदार, त्यात सिनेटचे, म्हणजे वरच्या सभागृहाचे दोन मिळवायचे, तितके इलेक्टर त्या राज्याला. राजधानी वॉशिंग्टनला वेगळे तीन. जिंकायला २७० लागतात. हे सगळे एका जागी कधीच जमत नाहीत. परवा १७ तारखेला ते आपापल्या राज्याच्या राजधानीत बसले. आमचे १९ जण हॅरिसबर्गला.

इथपर्यंत ठीक आहे. मला खटकतं ते पुढचं. मेन आणि नेब्रास्का ही दोन राज्यं सोडली, तर राज्यात ज्याला एक मत जास्त, त्याला त्या राज्यातले सगळे इलेक्टर. २०१६ मध्ये पेनसिल्व्हेनियात ट्रम्प सुमारे ४४ हजार मतांनी पुढे होते आणि तेव्हाचे वीसच्या वीस इलेक्टर त्यांच्या वाट्याला गेले. त्यांच्याविरुद्धच्या हिलरी क्लिंटनबाईंना इथे २९ लाखांवर मतं पडली होती, ती हिशेबात कुठेच आली नाहीत. देशभरात त्या जवळपास २९ लाख मतांनी पुढे होत्या, तरी हरल्या. २००० साली तर फ्लोरिडातल्या फक्त ५३७ मतांवर बुश राष्ट्राध्यक्ष झाले. देशात त्यांच्याविरुद्धच्या अल गोर यांना पाच लाखांहून जास्त मतं अधिक होती.

यंदा ट्रम्प लोकांच्या मतांत आणि इलेक्टरांत, दोन्हीकडे पुढे होते, त्यामुळे तो वाद उठला नाही. पण प्रचार कुठे चालला होता ते मी रोज बघत होते. पत्रपेटी उघडली की चकचकीत पत्रकांची चळत. टीव्हीवर बातम्या कमी आणि उमेदवारांच्या जाहिराती जास्त. गल्लीत एका अंगणात याची पाटी, तर लगेच शेजारी त्याची. कॅलिफोर्नियातली माझी मैत्रीण म्हणाली, आमच्याकडे पैसे मागायला येतात, मतं मागायला कुणी येत नाही. राज्य कुणाकडे जाणार हे तिथे आधीच ठरलेलं. शिवाय कॅलिफोर्नियात सव्वासात लाख माणसांमागे एक इलेक्टर, तर वायोमिंगमध्ये दोन लाखांनाही एक मिळतो. लहान राज्याला आधार हवा हे मला पटतं. पण एका माणसाच्या मताला दुसऱ्याच्या जवळजवळ चौपट वजन, हे पटत नाही.

याचं मूळ १७८७ सालचं, याच राज्यातल्या फिलाडेल्फियाचं. राज्यघटना तिथे लिहिली गेली. दक्षिणेत गुलामांना मत नव्हतं, पण जागा ठरवताना पाच गुलामांची तीन माणसं धरली जायची, आणि त्यातून मालकांच्या राज्यांचे इलेक्टर वाढायचे. हे वाचलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

आपले राष्ट्रपतीही थेट निवडून येत नाहीत, हे तुम्हाला ठाऊकच आहे. निवडून आलेले खासदार आणि आमदारच मत देतात. पण आपल्या घटनाकारांनी आमदाराच्या मताला त्या राज्याच्या लोकसंख्येप्रमाणे किंमत लावली. महाराष्ट्राच्या आमदाराची १७५, उत्तर प्रदेशच्या २०८, सिक्कीमच्या फक्त ७. आपल्या सातारा जिल्ह्यातले आठ आमदार मिळून १४०० होतात. आणि राज्यातली सगळी मतं एकाच्या पदरात पडत नाहीत, ज्याची त्याला. लोकसंख्या अजून १९७१ ची धरतात, ती बदलली पाहिजे असं माझं मत. तरी हिशेब आपला सरस. अर्थात आपला कारभार पंतप्रधान बघतात, इथे कारभाराची सूत्रं राष्ट्राध्यक्ष या एका माणसाच्या हातात. म्हणून तर इथला हिशेब अधिक चोख हवा होता.

अजून एक टप्पा राहिलाय. ६ जानेवारीला काँग्रेससमोर, म्हणजे इथल्या संसदेसमोर ही मतं मोजतील आणि अध्यक्षस्थानी उपराष्ट्राध्यक्ष असतील, म्हणजे कमला हॅरिसच. ट्रम्प यांना ३१२ आणि स्वतःला २२६, हा आकडा त्यांना स्वतःच्या तोंडाने वाचावा लागणार. जानेवारी २००१ मध्ये तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष अल गोर यांनाही हेच करावं लागलं होतं. मी ते टीव्हीवर बघणार आहे. तेव्हा आपल्याकडे रात्रीचे साडेअकरा झाले असतील. जागणार असाल तर फोन करते.

आईला सांगा, मेतकूट पोचलं. तिने गुडघ्याच्या गोळ्या मध्येच बंद करू नयेत. कोरेगावच्या आत्यांना नमस्कार.

तुमची,
शुभा