जुनी स्नोमोबाईल घेताना आधी सायलेन्सरला हात लावून बघा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत परदेशातल्या आपल्या पोरांचे बर्फातले फोटो आले होते, त्यात एकजण स्नोमोबाईलवर, म्हणजे पुढं स्की आणि मागं रबरी पट्टा असलेल्या बर्फावरच्या गाडीवर बसलेला होता, तो फोटो बघून हे पत्र लिहायलोय. माझं उदगीरला ट्रॅक्टर आणि टू-व्हीलरचं गॅरेज आहे, बावीस वर्षं झाली. स्नोमोबाईल मी आजवर हातानं उघडलेली नाही, पण माझा भाचा कॅनडात कॅल्गरीला नोकरीला आहे, त्यानं मागच्या हिवाळ्यात एक जुनी फोर स्ट्रोक घेतली आणि तिच्यापायी आम्ही मामा-भाचे रात्र रात्र व्हिडिओ कॉलवर होतो. लातूर-नांदेडची भरपूर पोरं आता तिकडं गेलीत, पहिल्या दोन वर्षांच्या कमाईत असली गाडी घ्यायचं मनात येतंच, म्हणून जे कळलं ते सांगतो.

आपल्याकडं फोर स्ट्रोक म्हणलं की चांगलीच असं डोक्यात बसलंय. आरएक्स १०० गेली, फोर स्ट्रोक आल्या, ॲव्हरेज वाढलं, धूर गेला, ते रस्त्यावर खरंच आहे. स्नोमोबाईलमध्ये पण फोर स्ट्रोकला ऑइल मिसळायची भानगड नाही, इंजिन जास्त टिकतं, पेट्रोल कमी लागतं. पण डोंगरातला खोल भुसभुशीत बर्फ म्हणजे पावसाळ्यातलं आपलं काळं रान समजा, वरून सपाट दिसतं आणि आत गेलं की गेलं. ओल्या काळ्या रानात पन्नास एचपीचा ट्रॅक्टर रुततो आणि शेजारचा मिनी ट्रॅक्टर निघून जातो हे आपण दरवर्षी बघतो, तिथं एचपी काय करणार. टू स्ट्रोकपेक्षा फोर स्ट्रोक माउंटन गाडी साधारण चाळीस-पन्नास किलोनं जड भरते, म्हणजे एक सिमेंटचं पोतं, आणि ते पण बरंचसं पुढच्या नाकावर. उभ्या चढावर गाडी थांबली की मागचा पट्टा खाली खड्डा खणत जातो आणि मग ते पोतं माणसानंच उचलायचं, कमरेएवढ्या बर्फात उभं राहून. भाचा पहिल्याच दिवशी चार वेळा रुतला, संध्याकाळी हात वर होत नव्हते म्हणला.

म्हणून आधी पट्टा बघा, इंजिन नंतर. रस्त्यासारख्या दाबलेल्या बर्फावरच्या गाड्यांचा पट्टा १२१ ते १३७ इंचाचा असतो आणि त्यावरचे रबरी दात इंच-सव्वा इंचाचे. खोल बर्फाला पट्टा १५३ किंवा १६२ इंचाच्या आसपास लागतो आणि दात सव्वादोन इंचाच्या वर. विकणाऱ्यानं जाहिरातीत 'माउंटन' लिहिलं म्हणून खूश होऊ नका, टेप घेऊन जा, दात मोजा, अंगठ्यानं मागं वाकवून बुडाशी चीर आहे का बघा.

आता इंजिनचं. भाचा गाडी बघायला गेला तेव्हा मी कॉलवरच होतो. गाडी एका सेल्फमध्ये सुरू झाली, पोरगं खूश, मी पण आवाज ऐकून बरा म्हणलो. पैसे देऊन झाल्यावर त्यानं गाडीभोवती मोबाईल फिरवला तेव्हा मला दिसलं की सायलेन्सरच्या तोंडाखालचा बर्फ वितळून तिथं वाटीएवढा खड्डा पडलाय आणि कडेला पाणी परत गोठलंय. म्हणजे गिऱ्हाईक यायच्या आधीच गाडी चांगली तापवून ठेवलेली. हाळीच्या बाजारात बैल विकणारा बैलाला पाणी पाजून, शिंगं रंगवून उभा करतो, तसलंच हे. बैल घेताना आपण दात बघतो, दोन फेऱ्या चालवून बघतो, आणि लाखाची मशीन घेताना नुसता आवाज ऐकतो याचं मला फार वाईट वाटलं, कारण सायलेन्सरला हात लाव एवढं मी त्याला आधी सांगायला पाहिजे होतं.

पंधरा दिवसांनी गोल्डन नावाच्या गावी, उणे चोवीस डिग्रीत, सेल्फ मारला तर नुसतं टक टक. मोठ्या फोर स्ट्रोक गाड्यांना दोरी ओढून स्टार्ट करायची सोय सहसा नसते, बॅटरी बसली की गाडी तिथंच. दुसऱ्याच्या बॅटरीवरून फिरवली तरी धरायला तयार नाही. तिथल्या मेकॅनिकनं उघडली तर व्हॉल्व्ह टाइट. थंडीत व्हॉल्व्ह नीट बसत नसले की कॉम्प्रेशन, म्हणजे इंजिनातला दाब, पळतं आणि गाडी सुरू होत नाही, तापली की तीच गाडी गुपचूप चालते, म्हणून विकणाऱ्यानं ती तापवून ठेवली होती. आपल्या ट्रॅक्टरला टॅपेट सेट करायचे, म्हणजे व्हॉल्व्हची फट जुळवायची, तर कव्हर काढा, फिलर गेज घाला, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. या गाड्यांत कॅमशाफ्टच्या खाली चकत्या असतात, कॅम काढल्याशिवाय त्या बदलत नाहीत, आणि तिकडं मजुरी तासावर. स्वस्तात घेतलेलं सगळं तिथंच फिटलं.

तेव्हा माझं सांगणं आहे की विकणाऱ्याला आधी फोनवर बजावा, मी येईपर्यंत गाडी सुरू करायची नाही. गेल्या गेल्या सायलेन्सरला हात लावा, गरम असली तर दुसऱ्या दिवशी सकाळी परत या. ऑइलची कांडी काढून बघा, ऑइल दुधाळ असलं तर कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवायचं पाणी, आत उतरलेलं असू शकतं. व्हॉल्व्ह कधी, किती किलोमीटरला तपासले त्याचं बिल मागा, तोंडी हिशोब नको. आत ॲक्टिव्हासारखाच व्हेरिएटर, म्हणजे गिअरच्या जागी असलेली पुली, आणि बेल्ट असतो, फक्त मोठा, त्या पुलीवर खाचा पडल्या असतील तर नवा बेल्ट टाकून उपयोग नाही. पुढच्या स्कीचे आर्म आणि पट्ट्याच्या वरचा पत्रा वाकून सरळ केलेला आहे का ते कडेनं नजर लावून बघा. आणखी एक, या गाडीचं पाणी बर्फानंच थंड होतं, पट्टा बर्फ उडवतो तो वरच्या कूलरवर बसतो, कडक बर्फ तसा उडत नाही, त्यामुळं त्यावरून लांब पळवलेली गाडी तापलेली असते आणि खालच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या पण झिजलेल्या असतात.

उंचीचं पण ध्यानात ठेवा. दर हजार फुटाला तीनेक टक्के ताकद कमी होते, सात हजार फुटावर पाचवा हिस्सा गेलाच. म्हणून फोर स्ट्रोकला लोक बाहेरून टर्बो, म्हणजे इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा, बसवतात. कंपनीचा टर्बो असला तर ठीक, बाहेरून बसवलेला असला तर कुणी बसवला, कधी बसवला हे कागदावर पाहिजे, नाहीतर मी तरी हात लावणार नाही. पार्टचं विचारा, कारण यामाहानं जून २०२३ मध्येच स्नोमोबाईलचा धंदा बंद करणार असं जाहीर केलं, उत्तर अमेरिकेत २०२५ चं मॉडेल शेवटचं. आणि आपण सातबाऱ्यावर बोजा बघतो तसा तिकडं गाडीच्या सीरियल नंबरवरून कर्जाचा बोजा बघता येतो, कॅल्गरी ज्या अल्बर्टा प्रांतात आहे तिथं रजिस्ट्रीच्या ऑफिसात होतं ते काम. भाच्यानं तेवढं मात्र केलं होतं.

शेवटचं आणि माझ्या मते सगळ्यात आधीचं. गाडीच्या किमतीतच बीकन म्हणजे गाडलेला माणूस कुठं आहे ते सिग्नलवरून दाखवणारं यंत्र, फावडं आणि प्रोब म्हणजे बर्फात खुपसायची लांब काठी यांचे पैसे धरा, तेवढे उरत नसतील तर गाडी स्वस्तातली घ्या. १३ मार्च २०१० ला कॅनडातल्याच रेव्हेलस्टोकजवळच्या बोल्डर माउंटनवर स्नोमोबाईलवाल्यांच्या गर्दीवर हिमकडा कोसळला, दोघं गेले आणि तीसच्या आसपास जखमी झाले. तीस ते पंचेचाळीस अंशाचा उतार सगळ्यात धोक्याचा आणि नेमका तोच उतार चढायला पोरांना गाडी पाहिजे असते. गाडलेल्या माणसाला दहा-पंधरा मिनिटांत वर काढायचं असतं, तेवढ्यात बाहेरून कुणी येत नाही, सोबतच्यांनीच काढायचं. मी भाच्याला ही सगळी माहिती वाचायला लावली, हिमकडे कोसळायचा धोका सांगणाऱ्या ॲव्हलांच कॅनडा या संस्थेचं बुलेटिन बघितल्याशिवाय निघायचं नाही हे कबूल करून घेतलं, तेव्हा कुठं गाडी ठेवू दिली.

आता तो चौघांच्या सोबतीनं जातो. संध्याकाळी पाच-साडेपाचला डोंगराखाली उतरला की गाडी ट्रेलरवर चढवायच्या आधी देवणीला आईला फोन लावतो. आपल्याकडं तेव्हा पहाटेचे सहा वाजत असतात, आमची ताई सडा टाकायचा थांबवून फोन घेते.

आपला नम्र,
एक गॅरेजवाला वाचक, उदगीर