औषधाचा थेंब घालण्याआधी नमुना घ्या

संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार. नेत्ररुग्णालयाच्या प्रयोगशाळेत गेली २२ वर्षं मी बुबुळाच्या जखमेतली बुरशी वाढवते आणि तिच्यावर कोणतं औषध चालेल ते तपासते. त्या टेबलावरून एकच मागणं आहे: नमुना आधी, थेंब नंतर.

गेल्या महिन्यात एक शेतमजूर बाई आल्या. पिकाचं पातं डोळ्याला लागून १२ दिवस झाले होते. पिशवीत तीन बाटल्या, त्यातली एक स्टिरॉइडची. तिनं लाली उतरली, म्हणून बाईंना बरं वाटलं. बुरशीला मात्र मोकळं रान मिळालं. खरवडलेल्या नमुन्यावर पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकला आणि थोड्याच वेळात सूक्ष्मदर्शकाखाली फाटे फुटलेले तंतू स्पष्ट दिसले. ती बुरशी वाढवण्यासाठी नमुना लावलेली प्लेट मात्र आठवडाभर कोरी. दुसऱ्या बाटलीत बुरशीचंच औषध होतं. ते बुरशीला मारायला पुरलं नाही, पण प्लेटवर उगवू न देण्याइतकं पुरलं. वाढच नाही, तर चाचणी करायची कशावर?

आणि बुरशी कोणती, याला फार महत्त्व आहे. २०१३ साली प्रसिद्ध झालेल्या ३२३ रुग्णांच्या चाचणीत बुरशीवरच्या दोन औषधांपैकी व्होरिकोनाझोलपेक्षा नाटामायसिन सरस ठरलं, ते मुख्यतः फ्युझेरियम या बुरशीच्या रुग्णांमुळे. अॅस्परजिलस टेरियस ही बुरशी अॅम्फोटेरिसिन-बी या औषधाला सहसा दाद देत नाही. नुसतं ‘बुरशी आहे’ एवढ्यावर भागत नाही.

अहवालातल्या आकड्याविषयीही सांगते. ९६ खळग्यांच्या प्लेटमध्ये औषध प्रत्येक खळग्यागणिक निम्मं करत नेतो, सगळीकडे सारखी बुरशी घालतो आणि दोन दिवसांनी पाहतो. ज्या सर्वांत कमी मात्रेला वाढ थांबते, ती एमआयसी. पण ‘चालेल’ आणि ‘चालणार नाही’ यांमधली रेघ रक्तातल्या औषधाच्या पातळीवरून आखलेली असते. थेंबांमुळे बुबुळाच्या पृष्ठभागावर औषध त्याहून कितीतरी जास्त असतं. उलट नाटामायसिन खोलवर फारसं शिरत नाही. डोळ्यासाठी अशी वेगळी रेघ अजून ठरलेली नाही. म्हणून आकडा फुकट, असंही नाही. एमआयसी जास्त असलेल्या रुग्णांत बुबुळाला छिद्र पडण्याचं प्रमाण जास्त आढळलं आहे. माझ्या व्यवसायबंधूंनी अहवालात नुसतं ‘आर’ (चालणार नाही) किंवा ‘एस’ (चालेल) न लिहिता बुरशीचं नाव आणि आकडा दोन्ही लिहावेत, आणि डॉक्टरांनी तो जखमेची खोली पाहून वाचावा. शंका आली तर प्रयोगशाळेत फोन करावा, आम्हाला त्याचा कधीच त्रास होत नाही.

त्या बाईंचं औषध एक दिवस थांबवून नमुना पुन्हा घेतला. चौथ्या दिवशी प्लेटवर कापसासारखी पांढरी फ्युझेरियम उगवली. मी अहवाल घेऊन वॉर्डात गेले, तेव्हा त्यांच्या बुबुळाला छिद्र पडलं होतं.

आपली,
एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ